तपकिरी रंग हवाय, पण डोकेदुखी नकोय

प्रश्न: ताई नमस्कार. मी पुण्यात राहते, नोकरी आयटीत, आणि लॉकडाऊनपासून लेदरक्राफ्टचा नाद लागलाय. पाकिटं, की-चेन, डायरीची कव्हरं असं काय काय करते आणि आता ओळखीतले लोक विकतही घेतात. वेज टॅन लेदर आणते आणि रंगवायला स्पिरीटवाला ब्राऊन डाय वापरते. रंग अप्रतिम बसतो, पण बाटली उघडली की घरभर वास, अर्ध्या तासात डोकं ठणकायला लागतं आणि डोळे चुरचुरतात. वन बीएचके फ्लॅट आहे, मुलगी साडेतीन वर्षांची आहे, ती सारखी येऊन टेबलाला लोंबकळते. नवरा म्हणतो बंद कर हे. मला बंद नाही करायचं. कमी विषारी असा ब्राऊन रंग आहे का काही? सगळ्या वस्तू ब्राऊनच असतात हो माझ्या, लाल निळं काही नको.

उत्तर: आधी एक गोष्ट, हे काम बंद करायची काही गरज नाही, पण ती बाटली मात्र आजच घरातून हलवा. डोकं ठणकतंय ते वासाचं नाटक नाहीये, ते शरीर सांगतंय की हवेत जे आहे ते जास्त झालंय. मी स्वतः सुरुवातीची तीन वर्षं पावसाळ्यात खिडक्या लावून असाच डाय वापरला, रोज संध्याकाळी डोकं धरायचं आणि मी चष्म्याचा नंबर वाढला असं समजून दोनदा काचा बदलल्या. दिवाळीत आठ दिवस काम बंद होतं तेव्हा डोकं एकदाही दुखलं नाही, तेव्हा कुठे ट्यूब पेटली.

स्पिरीट डायमध्ये दोन वेगळ्या गोष्टी असतात आणि दोन्हींचा विचार वेगवेगळा करायला लागतो. एक म्हणजे पातळ करणारा द्रव. तो इथेनॉल असेल, आयसोप्रोपिल असेल, पण कित्येक डायमध्ये मिथेनॉलही असतं, आणि मिथेनॉल नुसतं नाकातून नाही तर कातडीतूनही आत जातं आणि डोळ्यांच्या नसेला इजा करू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द रंगद्रव्य. ते बऱ्याचदा अझो नावाच्या कृत्रिम रंगांच्या जातीचं असतं किंवा त्यात क्रोमियम, कोबाल्ट असे धातू बांधलेले असतात. द्रव उडून जातो, रंगद्रव्य मात्र चामड्यावर राहतं. म्हणजे तुमच्या डोकेदुखीला जबाबदार द्रव आहे आणि ज्याच्या हातात ते पाकीट रोज असणार त्याच्याशी संबंध रंगद्रव्याचा. लोक वास गेला की विषय संपला समजतात, तसं नसतं.

आता आनंदाची बातमी. तुम्हाला हवाय ब्राऊन, आणि तुमच्याकडे आहे वेज टॅन. रंगांच्या दुनियेत याहून सोपी जोडी नाही, कारण वेज टॅन चामड्यात ब्राऊन आधीपासून भरलेला असतो, आपण तो फक्त बाहेर काढायचा. वेज टॅन म्हणजे झाडाच्या साली, फळं यांच्या टॅनिनमध्ये, म्हणजे त्यातल्या तुरट द्रव्यात कमावलेलं चामडं. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं परंपरेने बाभळीची साल आणि हिरडा यांच्यात कमावतात, पूर्वी तर कातड्याचीच पिशवी शिवून, त्यात सालीचं पाणी भरून टांगून ठेवायचे. ते टॅनिन त्या चामड्याच्या पोटात आहेच. त्याला ऊन दाखवा, तेल पाजा, किंचित लोखंड दाखवा, ते गडद होत जातं.

हे तुम्ही खरं तर लहानपणापासून बघत आलाय. आईने मेंदी भिजवलेली आठवतेय का? लोखंडी कढई, चहाचं पाणी, चमचाभर कात, आणि सकाळी बघावं तर कढईच्या कडेने सगळं काळंभोर. चहात टॅनिन, कातात टॅनिन, कढईचं लोखंड, तिघं एकत्र आले की गडद रंग. चामड्यावर आपण हेच करणार आहोत, फक्त जरा मोजूनमापून.

सगळ्यात आधी नुसतं ऊन आणि तेल करून बघा, काहीही विकत न आणता. चामड्याचे दोन तुकडे घ्या, दोन्हींना एकदम पातळ हात तेलाचा, आणि एक तुकडा बाल्कनीत सकाळच्या उन्हात ठेवा, दुसरा कपाटात. अधूनमधून फिरवत राहा म्हणजे एकाच बाजूला पट्टा येणार नाही. तीनचार दिवसांत दोन्ही शेजारी धरून बघा, मध आणि दूध ठेवल्यासारखं वाटेल. मे महिन्यातल्या दुपारच्या उन्हात तासन्‌तास मात्र नको, चामडं कडक होतं. माझी निम्मी पाकिटं या एवढ्यावरच जातात आणि गिऱ्हाईक विचारतं की हा शेड कुठला.

त्याहून गडद हवा असेल तर कात. पानात घालतो तोच कात, खैराच्या लाकडातून उकळून काढलेला. आपल्या कोकणात चिपळूण-सावर्डे भागात कातभट्ट्या आहेत, आणि कातकरी समाजाचं नाव याच धंद्यावरून पडलंय. हा रंग बाहेरून शिकायला लागत नाही, आपल्या जंगलातलाच आहे. कात घेताना साधी वडी घ्या, केवड्याच्या वासाचा सुगंधी किंवा पानवाल्याकडचा तयार कालवलेला नको, त्यात काय काय मिसळलेलं असतं.

साधारण ५० ग्रॅम कात कुटून १ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी अर्धा-पाऊण तास मंद उकळा, सुती कापडातून दोनदा गाळा आणि कोमट होऊ द्या. हे कोमट फार महत्त्वाचं आहे. ओलं चामडं गरम पाण्यात आक्रसतं आणि लाकडासारखं होतं, एकदा झालं की परत येत नाही, म्हणून बोट आरामात बुडेल इतपतच ऊन पाणी. चामडं आधी साध्या पाण्याच्या ओल्या स्पंजने सगळीकडे सारखं ओलसर करून घ्या आणि मग कातपाण्याचा पहिला हात. अर्धवट सुकलं की दुसरा. तीन हातांत चहाचा रंग, पाच हातांत बऱ्यापैकी लालसर तपकिरी. मग सावलीत एक अख्खा दिवस सुकू द्या. ओलं असताना ते खूप गडद दिसतं आणि सुकल्यावर फिकं पडतं, तेव्हा घाबरू नका, तेल लागल्यावर परत गडद होतं.

अजून खोल, कॉफीच्या बियांसारखा रंग हवा असेल तर शेवटी लोखंडाचं पाणी, पण अगदी विरळ. भांडी घासायची जी गंजणारी लोखंडी जाळी असते ती घ्यायची (स्टेनलेसचा चमकदार घासणा चालत नाही, तो गंजतच नाही), साबणाने धुवून त्यावरचं तेल काढायचं आणि पांढऱ्या व्हिनेगरमध्ये आठ-दहा दिवस बुडवून ठेवायची. बरणीचं झाकण घट्ट लावू नका, त्यातून हायड्रोजन वायू सुटतो, घट्ट लावलं तर बरणी फुटेल, आणि हो, गॅसच्या शेगडीजवळ अजिबात नाही. गाळून घेतलं की त्यातला एक चमचा वीस चमचे पाण्यात. लावताना काही दिसणार नाही आणि मग तुमच्या डोळ्यांदेखत रंग चढायला लागेल. हेच सरळ न मिसळता लावलं तर चामडं कोळशासारखं काळं होतं, तुम्हाला ते नकोय. आणि लोखंड जास्त झालं तर काही वर्षांनी चामडं ठिसूळ होतं, जुन्या काळ्या चामड्याच्या वस्तूंना भेगा दिसतात त्यात बऱ्याचदा लोखंडाचाच हात असतो. म्हणून थोडंच, नंतर साध्या पाण्याने पुसून घ्यायचं आणि सुकल्यावर तेल पाजायचंच.

लेकीबद्दल. कात, चहा, हिरडा यांच्या पाण्याला तिचा हात लागला तर साबणाने धुवा, विषय संपला. पण लोखंडाच्या पाण्याची बरणी आणि जर कुणी सांगितलं म्हणून तुम्ही दुकानातून हिराकस (लोखंडाचाच क्षार) आणलात तर तो, हे दोन्ही कुलपात. लोखंड पोटात जास्त गेलं तर लहान मुलांना ते खरंच घातक असतं, घरातल्या आयर्नच्या गोळ्या आपण वर ठेवतो ना, तसंच. आणि रंगाची पातेली, गाळणं, चमचा सगळं वेगळं, स्वयंपाकात परत यायचं नाही. कातपाणी तीनचार दिवसांत वापरून टाका, त्याला बुरशी येते, आणि फ्रीजमध्ये बिनलेबलाच्या बाटलीत तर अजिबात ठेवू नका, कुणीतरी कोकम सरबत समजून ओतून घेईल.

प्रश्न: तुमच्यासारखंच मीही नैसर्गिक रंगाकडे वळलोय. आजोबांच्या एका जुन्या वहीत काताच्या पक्क्या तपकिरी रंगाची कृती सापडली, त्यात कात, मोरचूद आणि ‘बायक्रोमेट’ लिहिलंय. बायक्रोमेटने रंग एकदम पक्का होतो असं खाली अधोरेखित केलंय. केमिकलच्या दुकानात मिळतं. वापरू का? – सांगली

उत्तर: नको. नको म्हणजे नकोच.

आजोबांनी लिहिलंय ते त्यांच्या दृष्टीने बरोबरच आहे. काताचा रंग हवेने सावकाश पक्का होतो, तोच पोटॅशियम बायक्रोमेटने झटक्यात होतो, म्हणून कापड रंगवणाऱ्यांच्या जुन्या कृतींमध्ये सगळीकडे ते सापडतं. दिसायला सुंदर असतात ते नारिंगी खडे. पण ते सहा संयुजेचं क्रोमियम आहे, त्याची पूड किंवा फवारा श्वासात गेला तर कॅन्सर होऊ शकतो, आणि कातडीवर लागत राहिलं तर खोल जखमा होतात आणि कायमची अ‍ॅलर्जी बसते. एकदा ती अ‍ॅलर्जी बसली की मग सिमेंट हाताळलं तरी हात सोलतात. माझ्या ओळखीत असे एक जुने कारागीर आहेत, त्यांच्या बोटांच्या सांध्यांवर गोल खड्डे आहेत, अजून. त्यांना कुणी कधी सांगितलंच नाही की हे त्या पाण्याने झालंय, ते नशिबाला बोल लावत राहिले.

मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, त्या मानाने कमी, पण तोही विषारीच, आणि उरलेलं पाणी मोरीत ओतलं की नदीतल्या माशांना त्रास. घरगुती कामात त्याची गरज नाही.

मला हेच सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं की ‘नैसर्गिक’ हा शब्द वाचला की आपण पहारा सोडतो. कात नैसर्गिक आहे, त्याच्यासोबत कृतीत काय घातलंय ते बघा. रंग पक्का करायला वेळ द्या, तेवढंच. कात लावून सुकवा, दोन दिवस उन्हात-सावलीत ठेवा, परत लावा. आठवडा लागेल. बायक्रोमेट जे पाच मिनिटांत करतं त्यातलं बरंचसं हवा आठवड्यात करते, आणि फुकट करते. त्या कृतीच्या पानावर लाल पेनने ‘हे घालू नये’ असं लिहून ठेवा म्हणजे पुढे कुणाच्या हातात वही पडली तर चूक होणार नाही.

प्रश्न: ताई, आमचा चपलांचा पिढीजात धंदा आहे, कोल्हापूर जिल्ह्यात. बाबा रंगासाठी बाजारातून पुडीतली पावडर आणतात, किलोवर मिळते, पुडीवर नाव नाही काही नाही. पाण्यात कालवून लावतात. स्पिरीट नाही म्हणजे सेफ असं बाबांचं म्हणणं. २०२५ मध्ये प्राडाच्या त्या मिलानमधल्या फॅशन शोमुळे सगळीकडे कोल्हापुरीचं नाव झालं त्यानंतर आमच्याकडेही बाहेरच्या चौकशा यायला लागल्यात, एकाने ‘अझो फ्री’ आहे का विचारलं आणि आम्हाला उत्तरच देता आलं नाही. हे अझो काय प्रकरण आहे?

उत्तर: तुमच्या पत्राने मला फार बरं वाटलं कारण हा प्रश्न विचारणारे तुम्ही पहिलेच आहात आणि विचारायला हवा तो शेकडो घरांनी.

अझो ही रंगांची एक मोठी जात आहे, बाजारातले बरेचसे कृत्रिम रंग याच जातीचे. सगळे अझो वाईट नसतात. त्यातले काही असे असतात की घाम, उष्णता, शरीरातले जंतू यांनी ते तुटतात आणि त्यातून बेंझिडीनसारखी, अमाइन्स नावाची रसायनं सुटतात. बेंझिडीनने मूत्राशयाचा कॅन्सर होतो हे रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांवरून जगाला कळलं, आणि ते कळायला कितीतरी कामगारांचा जीव गेला. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर बंदी आणली, आपल्या सरकारने १९९३ मध्ये बेंझिडीनवाले ४२ रंग आणि १९९७ मध्ये आणखी ७० अझो रंग बंद केले. युरोपात आता नियम असा आहे की कातडीला लागणाऱ्या चामड्यात आणि कापडात अशी २२ अमाइन्स, कुठलंही एक, किलोमागे ३० मिलिग्रॅमच्या वर असता कामा नये. म्हणून तो गिऱ्हाईक विचारतोय, त्याच्या देशात तो अडकेल.

म्हणजे बंदी आपल्याकडे तीस वर्षांपासून आहे. अडचण अशी की बिननावाच्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. त्यामुळे बाबांना एवढंच सांगा की पाण्यात विरघळतो यावरून रंग सेफ ठरत नाही. उलट पावडर जास्त वाईट, ती कालवताना उडते आणि थेट छातीत जाते. चपलेच्या बाबतीत तर पायाचा घाम, उन्हाची उष्णता, तासन्‌तास कातडीला चिकटून, अजून काय हवं.

बाबांशी भांडू नका. त्यांनी आयुष्यभर तो रंग हातांनी लावलाय, त्यांना आज अचानक ‘तुम्ही विष लावत होता’ असं सांगितलं तर जिव्हारी लागेल. असं सांगा की २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, आपले चार जिल्हे आणि कर्नाटकातले चार, त्यात हाताचं काम आणि झाडाच्या सालीत कमावलेलं चामडं हीच आपली ओळख आहे, मग इतकं चांगलं चामडं वापरून वर बिननावाचा रंग कशाला. हे त्यांना पटेल, कारण चामड्याचा अभिमान तुमच्यापेक्षा त्यांना जास्त आहे.

करायचं काय ते सांगते. एक तर पायाला लागणारा वरचा तळ अजिबात रंगवू नका. नुसतं तेल. तो पायाच्या घामाने आणि वापराने आपोआप जो तपकिरी होतो तसा रंग कुठल्याच डब्यात मिळत नाही, आणि बाहेरचं गिऱ्हाईक त्यासाठी जास्त पैसे देतं कारण ते त्याला खरं वाटतं. वरचे पट्टे, कान, वेणी, गोंडा यांना रंग लागतो तिथे कात आणि बाभळीच्या सालीचं पाणी. साल तुमच्या भागात मिळते, कमावणाऱ्यांकडे तर ढीग असतो. आणि ज्या ऑर्डरला एकसारखा शेड हवाच असेल, पन्नास जोड सारखे, तिथे नैसर्गिक रंगाने जीव काढू नका. तिथे नाव असलेल्या कंपनीचा, बिलासकट, सेफ्टी डेटा शीटसकट (आत काय आहे, धोके काय ते सांगणारा कंपनीचा कागद), आणि बंदी असलेली अमाइन्स सुटणारे रंग त्यात नाहीत असं लेखी देणारा पाण्यातला लेदर डाय घ्या. मग पहिल्या लॉटमधला एक जोड लॅबमध्ये तपासून घ्या. चामड्याचं संशोधन करणारी सरकारी संस्था चेन्नईत आहे, सीएलआरआय, १९४८ पासूनची, आणि आपल्याकडे संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आहे, जीआयच्या कागदावर त्यांचंही नाव आहे, आधी तिथे जाऊन विचारा की तपासणी कुठे आणि कशी करायची. गिऱ्हाईकाला ‘अझो फ्री’ असं तोंडी सांगू नका, रिपोर्ट हातात आल्यावरच सांगा.

उरलेली पावडर आहे ती बाबांना संपवू देऊ नका. नवा रंग येईपर्यंत ती कालवायची वेळ आलीच तर तोंडाला एन-९५ मास्क, हातात मोजे, पंखा बंद, आणि आधी पाणी घेऊन त्यात पावडर सोडायची.

प्रश्न: केसांना लावायचा ब्राऊन हेअर डाय चामड्याला चालेल का? चामडं पण कातडीच आहे आणि हेअर डाय तर डोक्याला लावायला पास असतो. – कल्याण

उत्तर: डोकं चाललंय योग्य दिशेने पण नको. बऱ्याच हेअर डायमध्ये पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची अ‍ॅलर्जी फार लोकांना होते, आणि केसांवर तुम्ही अर्ध्या तासाने धुवून टाकता, पाकीट मात्र रोज घामेजल्या खिशात राहणार. शिवाय त्यातलं पेरॉक्साइड आणि अमोनिया चामड्याला मानवत नाही. वेज टॅन हे आंबट प्रकृतीचं असतं, त्याला खार लागला की ते काळवंडतं आणि पुढे तडकतं. म्हणूनच काताबरोबर चुना घालून रंग लाल करायचा मोहही टाळा, पानात ठीक आहे.

मेंदी मात्र चालते. साधी, हिरवी, नुसत्या पानांची पूड. नारिंगी-तपकिरी येते, वर काताचे दोन हात दिले की छान विटकरी. ‘काळी मेंदी’ म्हणून जी मिळते तिच्यात बऱ्याचदा तेच पीपीडी असतं, ती हातालाही लावू नका.

प्रश्न: मी कात, चहा, सगळं करून बघितलं. माझ्या लेदरवर काही चढतच नाही, पाणी मोत्यासारखं घरंगळून जातं आणि जिथे मुरलं तिथे ढग ढग दिसतात. काय चुकतंय? – नाशिक

उत्तर: बहुतेक तुमचं चामडंच वेगळं आहे. बाजारात मिळणारं मऊ, बॅगेचं, जॅकेटचं चामडं क्रोम टॅन असतं, म्हणजे टॅनिनऐवजी क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं. त्याच्यात टॅनिनच नाही तर लोखंड आणि ऊन कुणाला गडद करणार. कडेचा काप नीट बघा, मधोमध निळसर-राखाडी रेघ दिसली तर क्रोम. किंवा मागच्या बाजूला लोखंडाच्या पाण्याचा एक थेंब टाका, वेज टॅन लगेच काळसर होतं, क्रोमवर तसं होत नाही. काही जण तुकडा जाळून राखेचा रंग बघतात, ते घरात करू नका, क्रोम चामडं जळताना तेच सहा संयुजेचं क्रोमियम तयार होऊ शकतं ज्याबद्दल वर एवढं लिहिलंय.

वेज टॅन असूनही पाणी घरंगळत असेल तर त्यावर आधीच मेण किंवा फिनिश मारलेलं आहे. दुकानदाराला ‘फिनिश न मारलेलं, कोरं’ असं सांगून मागा. आणि ढग येतात ते चामडं आधी सारखं ओलसर न केल्यामुळे, किंवा बोटांचं तेल लागल्यामुळे. रंगवायच्या आधी त्या चामड्यावर वडापाव खाल्लेल्या हाताने हात फिरवला असेल तर तो डाग जन्मभर राहतो.

क्रोम चामड्यालाच ब्राऊन हवा असेल तर घरी रंगवण्याच्या भानगडीत न पडता ब्राऊन रंगवलेलंच विकत घ्या, खरंच.

प्रश्न: ऑनलाइन ‘इको-फ्रेंडली वॉटर बेस्ड लेदर डाय’ बघितला, ब्राऊनचे सहा शेड आहेत. घेऊ का? आणि चामड्यावरचा रंग कपड्यांना लागू नये म्हणून काय करायचं? – ठाणे

उत्तर: वॉटर बेस्ड हा स्पिरीटपेक्षा नक्कीच चांगला पर्याय आहे, निदान खोलीतली हवा तरी खराब होत नाही, आणि ज्यांना कात उकळायला वेळ नाही त्यांनी हाच घ्यावा असं माझं प्रामाणिक मत आहे. पण ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द कुणीही बाटलीवर छापू शकतं. विक्रेत्याला सेफ्टी डेटा शीट मागा. त्यातला भाग २ म्हणजे धोके काय, भाग ३ म्हणजे आत काय आहे, एवढे दोनच वाचले तरी पुष्कळ. भाग २ मध्ये कवटी किंवा छातीवर चांदणीसारखं चिन्ह असेल तर घेऊ नका, ते चांदणीवालं चिन्ह कॅन्सर किंवा आतल्या अवयवांना इजा असं सांगतं. शीट देत नसेल तर दुकान बदला, इतकं सोपं आहे ते. पाण्याच्या रंगात बुरशी येऊ नये म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह असतात, हाताला खाज आली तर मोजे घाला.

मोज्यांवरून आठवलं, अजून जे स्पिरीट डाय वापरतायत त्यांच्यासाठी. मेडिकलमधले पातळ निळे नायट्राइल मोजे घालून लोक निर्धास्त होतात, पण मिथेनॉल त्यातून काही मिनिटांत आरपार जातं, तेव्हा रंग लागला की मोजा लगेच बदला. आणि कापडी मास्क किंवा एन-९५ वाफेला अजिबात अडवत नाही, तो फक्त धुळीला आहे. वाफेला कोळशाच्या कार्ट्रिजचा मास्क लागतो, पण मिथेनॉलला तोही पुरत नाही, त्यापेक्षा सरळ गच्चीवर जाऊन काम करा.

रंग कपड्यांना लागण्याबद्दल, निम्मं काम रंगवल्यानंतरच्या घासण्याचं आहे. सुकल्यावर सुती कोरड्या कापडाने जोर लावून घासा, वर बसलेला सुटा रंग निघतो, तो सगळा निघेपर्यंत घासा. मग तेलाचा पातळ हात, एक रात्र मुरू द्या, आणि वरून मेण. मी मधमाशीचं मेण एक भाग आणि तेल तीन भाग असं डबल बॉयलरवर, म्हणजे गरम पाण्याच्या पातेल्यात वाटी ठेवून, वितळवून घेते. तेल एरंडेल असलं तरी चालतं. जवसाचं तेल वापरत असाल तर ते पुसलेलं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेतं, पाण्यात भिजवूनच टाका. शेवटी ओलसर पांढरा कपडा घेऊन दहा वेळा घासून बघा. कपड्यावर आलं तर परत घासणं, परत मेण. लोखंड आणि कात यांचा रंग चामड्याच्या आत तयार होतो म्हणून तो स्पिरीट डायपेक्षा कमी सुटतो असा माझा अनुभव आहे, पण पांढऱ्या पँटच्या बेल्टला मात्र मी आतून काहीच लावत नाही, कोरंच ठेवते.

पुण्याच्या ज्या ताईंनी पहिला प्रश्न विचारला त्यांना एक राहिलं. ती स्पिरीट डायची उरलेली बाटली मोरीत ओतू नका. झाकण घट्ट लावून, उन्हापासून आणि मुलीच्या हातापासून लांब ठेवा, किंवा ज्याच्याकडे मोकळी शेड आणि योग्य मास्क आहे अशा कुणाला द्या. आणि काताचा पहिला तुकडा झाला की फोटो पाठवा, सुकल्यावरचा आणि तेल लावल्यावरचा, दोन्ही.